जिन्याखालच्या दारावर तीन ठोके

भूत, संकेत, आत्मा... असलं मी कधीच मानलं नाही. चितेगावच्या एका कारखान्यात वीस वर्षं स्टोअर सांभाळते आहे. वस्तू डोळ्यांना दिसली, हाताला लागली, तरच ती आहे. म्हणून हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय.

आम्ही बजाजनगरला राहतो. मी, नवरा आणि सासरे. त्यांना मी मामा म्हणते. मामा तरुणपणी पाणबुडीवर खलाशी होते. युद्धही पाहिलं, पण त्याबद्दल कधी चकार शब्द नाही. एकच खोड — घरातलं कुठलंच दार लावू द्यायचे नाहीत.

"मामा, हे घर आहे का धर्मशाळा?" मी चिडायची. ते जाऊन दार पुन्हा उघडायचे.

गेल्या रविवारी पाहुणे यायचे होते. जिन्याखालच्या खोलीत इन्व्हर्टर, बॅटरी, सगळा पसारा. तो दिसू नये म्हणून सकाळीच मी ते दार घट्ट ओढून घेतलं. दुपारी तिथून जाताना सडक्या अंड्यांसारखा वास आला. उंदीर मेला असेल, बघावं म्हणून कडीला हात घातला...

आतून तीन ठोके. ठण्... ठण्... ठण्. लोखंडावर लोखंड आपटावं तसे.

माझा हात कडीवरच होता. आत कुणी असणं शक्यच नव्हतं.

"सूनबाई, हात काढ! उघडायचं नाय!" मागून मामा ओरडले. एरवी काठी लागायची, आता काठीशिवाय, ताठ उभे! "बाहेरचा मेन स्विच पाड आधी."

पाडला. औरंगपुऱ्यातून बॅटरीवाला आला. सगळ्या खिडक्या उघडून, बऱ्याच वेळानं तो आत शिरला.

"बच गए भाभी. बॅटरी पूरी फुग गई, कमरे में गॅस भरा था. लाइट का बटन दबाते ना, तो भडका हो जाता."

संध्याकाळी मामा पहिल्यांदा बोलले.

"लढाईत आमच्या पाणबुडीच्या बॅटरीच्या कप्प्यात आग लागली. साहेबानं आम्हा चौघांना बाहेर ढकललं अन् आतून दार लावून घेतलं. एकटेच इझवत राहिले. मी दार उघडाया गेलो, तर आतून तीन ठोके. आमचं ठरलेलं — तीन म्हंजे उघडू नका. उघडलं असतं तर समदे गेलो असतो. नाय उघडलं मी, सूनबाई. समदे वाचले... साहेब राहिले आत."

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आज तू बी ऐकलंस ना?"

"ऐकलं, मामा."

नवरा म्हणतो, बॅटरी फुगताना वाजली असेल. असेल. पण आवाज दारावर होता, आणि आमचं दार प्लायवूडचं आहे. मी हातोडीनं, पान्यानं ठोकून पाहिलं. नुसतं ठप् वाजतं. ते ठण् कुठून आलं, मला खरंच सांगता येत नाही.

काल दुपारी मामांनी आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी चहा घेऊन गेले होते, ठोठावणार होते... आतून त्यांचं संथ घोरणं ऐकू आलं. नाही ठोठावलं. कप घेऊन परत आले.