माधवनगरच्या जुन्या ग्राउंडवर

वाईच्या स्टँडवर सकाळी सहाची सांगली गाडी मिळाली. कंडक्टरने "किती?" विचारलं आणि सवयीने माझ्या तोंडून "दोन" निघालं. मग सावरून एकच मागितलं. शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली. कराडपर्यंत ती उचला असं कुणी म्हटलं नाही.

माझे यजमान अरविंद लग्नाआधी सांगलीजवळ माधवनगरच्या एका कापडगिरणीत कामाला होते आणि गिरणीच्या संघातून फुटबॉल खेळत. पुढे वाईला शाळेत नोकरी लागली. गुडघा दुखावला म्हणून खेळ सुटला, असं ते सांगत. माधवनगरच्या ग्राउंडचा विषय मात्र घरात वरचेवर निघे. "एकदा जाऊ या," मी म्हणायची. "जाऊ," ते म्हणायचे. गेल्या भाद्रपदात ते वारले. म्हणून मी एकटीच निघाले होते.

सांगलीत स्टँडजवळ मिसळ खाल्ली. रिक्षावाल्याने आधी भलत्याच मैदानावर नेलं. तिथे क्रिकेट चाललं होतं.

"फुटबॉलचं म्हंजे ते जुनं व्हय? तिकडं आता कोण जात न्हाई," म्हणत त्याने रिक्षा वळवली.

ग्राउंड उन्हात एकटंच पडलं होतं. मधे तांबडा मुरूम, कडेला वाळकं गवत. पश्चिमेला तीन लांब दगडी पायऱ्या, हीच गॅलरी. कपडे बदलायची पत्र्याची खोली कुलपात, तिच्याबाहेर एक नळ. दोन्ही टोकांना गंजलेले गोलपोस्ट, जाळ्या नाहीत. कोपऱ्यात मांडवाचे वासे रचलेले. आणि एक लंगडणारा म्हातारा वाकून फक्की (रेषा आखायची चुन्याची पूड) टाकत होता.

त्यांचं नाव दस्तगीर. तेही गिरणीतलेच.

"हे ग्राउंड गिरणीने केलं का?" मी विचारलं.

"गिरणीनं जागा दिली. केलं आमी. समदं काळं रान हुतं. पाळी सुटली की पाट्या घिऊन यायचो, मुरूम वडायचो. सामना असला की ह्या पायऱ्यांवर बसाय जागा नसायची."

"आणि आता?"

"गिरणी बंद पडली, माणसं पांगली. रविवारी पाच-सात जण येत्यात. रेघ नसली तर ह्याचं परत रान हुईल, म्हणून मारतो."

मी अरविंदांचं नाव सांगितलं. त्यांनी फक्कीचं घमेलं खाली ठेवलं.

"अरविंदा? वाईला गेलेला? तुमी वहिनी व्हय?" त्यांनी माझ्यामागे फाटकाकडे पाहिलं. "आणि त्यो कुटं हाय?"

मी सांगितलं. ते नळावर गेले, तोंड धुतलं आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. परत येऊन पायरीवर पाय लांब करून बसले.

"ह्यो पाय त्याच्यासंगट खेळतानाच मोडला. दोगं एकाच चेंडूवर गेलो. खेळात हुतंय तसं. पर त्यो दवाखान्यात आलाच न्हाई. म्हैन्याभरात नोकरी सोडून गेला."

"पण त्यांचा गुडघा..."

"त्याच्या गुडघ्याला काय धाड भरली हुती?" ते हलकेच म्हणाले.

मला त्या पायाकडे बघवेना आणि त्यांच्याकडेही बघवेना. "त्यांच्या वतीने मी माफी मागते," मी म्हणाले.

"माफी नगं, वहिनी. मला त्येचा राग कवाच नव्हता. वाट बघितली लय. आज यील, उद्या यील, असं करत म्हातारा झालो."

त्यांनी डब्यातली अर्धी भाकरी आणि वांग्याची भाजी माझ्यापुढे सरकवली. आम्ही जेवलो. मग राहिलेली रेषा पुरी करायची म्हणून त्यांनी दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. मी गोलपोस्टपाशी दोरी ताणून धरली. ते पाय ओढत, फक्की टाकत हळूहळू माझ्याकडे आले.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले. अरविंद रविवारी सकाळी चहा घेऊन ओट्यावर जाऊन बसत आणि तासभर कुणाशी बोलत नसत. मला वाटे, घुमा स्वभाव आहे. मीही कधी जवळ जाऊन बसले नाही.

वाईला उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती. चार तासांचा रस्ता. त्या टोकाला एक माणूस राग नसताना वाट बघत बसला होता, आणि ह्या टोकाला माझा माणूस त्या रागाला भिऊन बसला होता. मधे मी होते, आणि मी एकदाही विचारलं नाही.