ठेवणीतले बूट

"आधी पाय दाखव."

नदीवर येतो म्हणणाऱ्या कुणालाही आमच्या काकांचं हे पहिलं वाक्य. चष्मा नाकाच्या टोकावर ओढायचे आणि माणसाच्या तोंडाकडे न बघता थेट खाली बघायचे. समोरचा बिचारा गोंधळून एक पाय पुढे करायचा, की यांच्या तोंडाचा पट्टा सुरू. "या चपला घालून पाण्यात उतरणार? पाय काय भाड्याने आणलेत का?"

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. जगाला शहाणपण वाटत फिरणारा आणि स्वतःच्या बाबतीत मात्र... जाऊ दे. आत्ताच चिडले तर सांगायचं राहून जाईल. पण एक आधीच सांगते, मला या माणसाचा राग येतो. ते गेले, तरी येतो. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात. मी बोलणार.

नामपल्लीला आमचं ऑफिस. ते हिशेब विभागात, मी आवक-जावकला. मी नांदेडकडची, नोकरी लागली म्हणून हैदराबादला आलेली. त्यांचं घराणं मात्र पिढ्यान्‌पिढ्या सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीतलं. त्यांची मराठी ऐकून मला पहिल्या दिवशी हसूच फुटलं होतं. 'हौ', 'नक्को', 'कैको' हे सगळे दखनी शब्द मराठीच आहेत अशी त्यांची ठाम समजूत. आणि 'परसों' म्हणजे कालपासून ते थेट त्यांच्या मुंजीपर्यंतचा कुठलाही दिवस. ऑफिसात आम्ही त्यांना सर म्हणायचो आणि नदीवर काका.

नाद मासे धरण्याचा. तोही गळाला गांडूळ लावून काठावर डुलक्या काढण्याचा नव्हे. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी, लांब लवचिक काठी, आणि डोक्यावरून दोरी मागे-पुढे भिरकावत ती माशी पाण्यावर अलगद टेकवायची. मागे झुडपं असली की दोरी अडकते, म्हणून स्वतः पाण्यात उतरून उभं राहायचं, तास न्‌ तास. आणि एवढं करून मासा मिळाला की सोडून द्यायचा. आईला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग गेलेच कशाला मरायला?"

रविवारी ऑफिसातले आम्ही काही जण त्यांच्याबरोबर मांजरा नदीवर जायचो. सुरुवातीला मी फक्त डबा खायला आणि हवा खायला जायचे. मग एकदा माझ्या माशीला मरळ लागली, आणि मी त्या नादात गेले ती गेलेच.

मग माझ्या बुटांचा प्रश्न आला. अहो, लग्नाला मुलगी बघताना लोक एवढं बघत नाहीत! सकाळी दुकानात जायचंच नाही. "सकाळी बूट घेणारा गाढव. दिवसभर पाय सुजतो, संध्याकाळचा पाय खरा." ऑफिस सुटल्यावर आम्ही सुलतान बाजारात गेलो, तर यांनी पिशवीतून जाड लोकरीचे मोजे काढले. पाण्यात पाय गारठतो, मोजे जाड लागतात, म्हणून बूट मोजे घालूनच बघायचा. मला दुकानाच्या पायरीवर बोटं उताराकडे करून उभं केलं.

"अंगठा पुढं लागतो?"

"थोडासा."

"काढ. उतारावर नख जाईल."

दुसरा जोड. "टाच वर उचलते?" उचलत होती. काढ. तिसरा जोड घोट्याला सैल. काढ. दुकानदार रडकुंडीला आला. "साब, मॅडम को जाना किधर है?"

"किधर नै जाना. पानी में खडे रैना है."

"तो चप्पल लेव ना साब!"

झालं. त्या दुकानदाराचा असा उद्धार केला म्हणता, शेजारचे पुस्तकवाले बाहेर येऊन बघायला लागले. शेवटी सिकंदराबादला छावणीच्या बाजूला जुनं लष्करी सामान विकणारा एक माणूस होता, त्याच्याकडे उंच घोट्याचे बूट मिळाले. त्यांचे तळ काढून दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा चिकटवून आणि शिवून घेतला. शेवाळलेल्या दगडावर साधं रबर घसरतं, नमदा धरून ठेवतो. बाजूला तळाशी भोकं पाडून त्यांत पितळी कड्या बसवल्या. "पाणी आत येऊ दे. थांबू नक्को देऊ." ते बूट मी आजही घालते. एकदाही पडले नाही.

एकदा आमच्या मॅनेजरसाहेबांनी नवेकोरे गमबूट घालून नदीवर पदार्पण केलं. काकांनी त्यांना दिवसभर दगडावर बसवून ठेवलं. "हे बूट नाहीत साहेब, पायाला बांधलेल्या दोन बादल्या आहेत. भरल्या की तुम्ही गेलात खाली, आणि आमचं प्रमोशन गेलं तुमच्यासोबत." साहेबांनी निमूटपणे डब्यातली भाकरी खाल्ली. एवढा दरारा!

असा हा माणूस. आता त्यांच्या घरी चला.

बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक लेक अमेरिकेत. घरात हे एकटे. मी गेले की चहा मिळायचा तो कान तुटलेल्या कपात. समोर काचेच्या कपाटात सोनेरी काठाचा अख्खा सेट, धूळसुद्धा न बसलेला. मी एकदा विचारलं, "हे कुणासाठी?"

"पाहुणे आले की काढायचे."

"आणि मी कोण मग?"

"तू घरचीच की गं." आणि असे काही हसले, की माझं भांडण तिथंच विरलं. तेव्हाच नेटानं भांडायला हवं होतं त्यांच्याशी, पण कपावरून काय भांडायचं!

मग अमेरिकेतून खोकं आलं. लेकीने खास पाण्यात उभं राहायचे बूट पाठवले होते. ते खोकं त्यांनी ऑफिसात आणून टेबलावर उघडलं. सगळा सेक्शन गोळा. करड्या रंगाचे, घोट्याच्या वर येणारे, तळाला घट्ट पकडीचं रबर आणि त्यात बारीक पोलादी खिळे. त्यांनी ते वाकवून बघितले, टाच दाबून बघितली, आत हात घालून शिवण चाचपली, वाससुद्धा घेतला. त्यांच्यासारख्या माणसाला त्यात एक खोड सापडली नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते चष्मा पुसायच्या निमित्ताने लपवलं.

"मग काका, रविवारी उद्‌घाटन?" मी म्हटलं.

"नक्को. असले बूट काय आपल्या चिखलात घालायचे? पोरगी येईल ना, तिच्यासोबत घालीन. तिनं मला पाण्यात बघितलंच नाही कधी. लहान होती तेव्हा तिची आई नदीवर पाठवायची नाही."

एवढंच त्यांना हवं होतं. लेकीने काठावर उभं राहून आपल्याला एकदा माशी टाकताना बघावं. बास. बूट परत कागदात गुंडाळले गेले, खोक्यात गेले, खोकं लोखंडी कपाटात गेलं, वर डांबराच्या गोळ्या.

आणि हे जुनेच बूट घालून नदीत. त्या बुटांचा नमदा झिजलेला, टाच एका बाजूला बसलेली. दुसरा कुणी तसले घालून आला असता तर त्याला काठावरून हाकलून दिलं असतं. मी दर रविवारी तोंड सोडायचे. "लोकांना पाय भाड्याचे का विचारता, तुमचे काय लिलावात मिळालेत? काढा ते नवे!"

"ठेवणीतले आहेत गं."

हे ऐकलं की माझं डोकंच फिरायचं. ठेवणीतलं मलाही कळतं. माझ्या आईची चौदा एप्रिलच्या जयंतीची पांढरी साडी ठेवणीतलीच होती. पण जयंती आली की ती निघायची, नेसली जायची, धुऊन परत घडी व्हायची, आणि विरली तेव्हा माझ्या भाचीची दुपटी झाली. हे मी त्यांना नदीच्या काठावर उभं राहून, हातवारे करून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग माझी जयंती यायची आहे अजून."

ती येईचना. एका वर्षी लेकीला रजा नव्हती, मग व्हिसाचं काहीतरी, मग बाळंतपण, मग बाळ लहान. काका निवृत्त झाले. रविवारचे साथीदारही एकेक करून गळाले, मी तेवढी उरले. व्हिडिओ कॉल संपला की मला सांगायचे, "पुढच्या थंडीत येतो म्हणाली." त्या पोरीचाही मला राग यायचा. बूट पाठवता येतात, स्वतःला यायला काय झालं, असं मनात येऊन जायचं.

शेवटी एका थंडीत ती आली. बाळाला नवऱ्याकडे ठेवून आली. आम्ही तिघं आणि गाडीचा ड्रायव्हर, असे मांजरेवर गेलो. काकांनी काठावर खोकं उघडलं. बूट जसेच्या तसे, कालच आणल्यासारखे. लेस लेकीकडून बांधून घेतली. तिने मोबाईल वर धरला. पाणी गुडघ्याएवढंच होतं, एरवी ते त्या जागी डोळे मिटून चालले असते. सपाट खडकावर जाऊन वळले, काठी उचलली आणि ओरडले, "बघ हां आता!"

दोरी मागे गेली. पुढे आलीच नाही.

एका बुटाचा तळ पोळीचा पापुद्रा सुटावा तसा अख्खा सुटला. ते कडेला कोसळले, खडकावरच. मी आणि ड्रायव्हर धावलो, उचललं, तर त्यांचा पाय भलतीकडेच वळलेला. तळ मागे लोंबत होता, त्याचे खिळे चकाकत होते, एकही झिजलेला नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी ती पोरगी पलंगाशी बसून मोबाईलवर वाचत होती. मध्येच म्हणाली, "ताई, यात लिहिलंय की असे बूट नुसते ठेवून दिले तरी काही वर्षांत त्यांचा गोंद मरतो. पण बाबांचे तर वापरातले होते ना?"

"कुणी सांगितलं वापरातले?"

"बाबांनीच. दर रविवारी सांगायचे, तुझे बूट घालूनच नदीत होतो, पाय अगदी सुखात आहेत. नदीवर इतके नवे दिसले, मला वाटलं पुसून ठेवलेत."

मी काकांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, पण जागे होते लबाड.

"काका, उघडा डोळे!" मी ओरडलेच. नर्स आत डोकावली.

"तिला बरं वाटावं म्हणून बोल्लो," ते पुटपुटले. "परेशान नक्को व्हायला पोरगी. तिच्यासोबतच घालायचे होते ना."

मला वाटलं ती रडेल. ती उभी राहिली आणि बापावर बरसली. "तुम्ही मजेत आहात म्हणून मी निवांत राहिले, बाबा! दर वर्षी पुढच्या वर्षी म्हणत राहिले! तुम्ही माझ्यासाठी बूट राखून बसलाय हे एकदा, एकदा तरी सांगायचंत. मी आले असते. काहीही करून आले असते!"

काकांनी तिचा हात शोधला, तो तिने दिला, पण तोंड खिडकीकडे ठेवलं.

तिची रजा संपली, ती गेली. काका वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरू लागले. मी रविवारी नदीवर न जाता त्यांच्याकडे जाऊन बसायचे. नदीचा विषय दोघंही काढायचो नाही. मग छातीत कफ झाला, आणि उन्हाळा संपायच्या आत ते गेले. लेक येईपर्यंत अंत्यविधी थांबवला होता.

आंघोळ घातली. त्यांच्या भावजय म्हणाल्या, "अगं, चांगला सदरा काढा कपाटातला."

लेकीने कपाट उघडलं. प्लास्टिकच्या पिशव्यांत घडीचे सदरे, एकावर एक. सगळ्यात वर आम्ही सेक्शनवाल्यांनी निरोप समारंभात दिलेला फिका निळा. तिने पिशवी फाडली आणि टाचण्या काढायला लागली. ते बघून मला राहवेना. मी दारामागच्या खिळ्यावरचा त्यांचा नदीवरचा सदरा ओढून काढला, कोपरावर ठिगळ, कॉलर विरलेली.

"हा घाला. तो नाही."

"शेवटचं तरी नवं घालू दे की त्यांना," भावजय म्हणाल्या.

"नवं घालून काय झालं ते बघितलं ना सगळ्यांनी!" चार माणसांत, मयताच्या घरात मी ओरडले. मला त्याची लाज वाटत नाही.

लेकीने माझ्या हातातला जुना सदरा घेतला आणि बापाला घातला, बटणं स्वतः लावली. मग तो निळा उचलला आणि आपल्या ड्रेसवरून स्वतःच्या अंगात चढवला. बाह्या बोटांच्या खाली येत होत्या, त्या दुमडल्या. कुणीतरी "अगं, हे काय" म्हणालं, तिने ऐकलं नाही. तशीच मडकं धरून पुढे चालली.

मी मागे होते. तिच्या मानेशी कॉलरमध्ये दुकानातला पुठ्ठा तसाच राहिला होता. मी हात घालून तो ओढून काढला आणि रस्त्याकडेच्या कचऱ्यात फेकून दिला. ठेवला नाही.