बाबेलातलं घर

माझी शाळा तिसरीत सुटली. पुढचं वाचन देवळातल्या शास्त्रावर, म्हणजे बायबलावर शिकलो, आणि तेवढं मला पुरलं.

बायको गेल्यावर मुलाने मला स्टुटगार्टला नेलं. तो तिथं मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर. चढावरच्या गल्लीत त्याने विकत घ्यायला एक घर बघितलं होतं. घर घेतलं की त्याचं गावी परतणं संपलं, हे मला कळत होतं. म्हणून संध्याकाळच्या प्रार्थनेत मी शास्त्रातला यिर्मया संदेष्टा काढला.

यिर्मया मला आमच्याकडच्या पंचासारखा वाटतो. यहूद्यांचा देश बुडाला, लोक बाबेलला धरून नेले, तर बाबेलचा राजा बलवान होता असं तो म्हणत नाही. आपलंच चुकलं, म्हणून देवाने बाहेर काढलं, म्हणतो. सगळे संदेष्टे असेच. शत्रूला बोल कमी, घरच्यांना जास्त. मी मुलाकडे बघत बघत वाचायचो.

सून म्हणाली, "पप्पा, ह्यांनी काय पाप केलंय? गिअरबॉक्स बनवतात."

"देश सोडला."

"त्या लोकांना ओढत नेलं होतं. आम्ही व्हिसा काढून आलो."

"म्हणजे जास्तच वाईट," मी म्हणालो.

आमच्या घरची रीत, शास्त्र ओळीने वाचायचं, अध्याय गाळायचा नाही, आणि आमेन होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. घराच्या कागदांवर सही व्हायच्या आदल्या संध्याकाळी जो अध्याय आला, त्यात यिर्मया बाबेलातल्या लोकांना निरोप धाडतो: तिथंच घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं करा, त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

पुढं काय आहे ते मला दिसलं. चष्म्याचं निमित्त करता आलं असतं. वाचलं.

मग जे वाचलं तेच मागायचं, हीही रीतच. स्टुटगार्टसाठी काय मागावं सुचेना, सगळं आहे त्यांच्याकडे. शेवटी म्हणालो, प्रभो, इथल्या म्हाताऱ्यांचे गुडघे सांभाळ, आणि एस-बानची लोकल वेळेवर येऊ दे.

"आमेन," सून जरा मोठ्यानेच म्हणाली. नात जर्मनमध्ये म्हणाली, "गेनाऊ." म्हणजे, अगदी बरोबर.

"मग उद्या सही करू ना, पप्पा?" मुलाने विचारलं.

"कर. पण लोक परत गेले, हेही शास्त्रातच आहे."

"त्यांची नातवंडं गेली, पप्पा."

मी नातीकडे बघितलं. तिला मराठी समजायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. दुसऱ्या दिवसापासून तिला बाराखडीला बसवलं. परतायचं तर एसटीची पाटी वाचता आली पाहिजे.