वाचून कायम

पंचायत समितीच्या मासिक सभेचा पहिला विषय कधी बदलत नसे. 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.' सभापती खुर्चीत टेकता टेकता विचारायचे, "एक नंबर?" आणि टेबलाभोवतीचे सदस्य म्हणायचे, "कायम, कायम." वाचत कोणी नसे. पंख्याचं बटण शोधायला जेवढा वेळ लागे, त्याच्याही आत मागचा महिना कायम होऊन जाई.

ते इतिवृत्त मी लिहीत असे. कोणत्या तालुक्याच्या कचेरीत, ते सांगत नाही. शहापूर आणि मुरबाड, दोन्हीकडे मी काही वर्षं काढली आहेत, तेव्हा एवढं झाकून ठेवणं मला सोपं आहे.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. कचेरीत एक संगणक आला होता आणि तो चालवायला अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर मला घेतलं होतं. संगणक बहुतेक वेळ प्लास्टिकच्या आवरणाखाली असायचा, कारण वीज नसायची. म्हणून माझ्याकडे इतिवृत्ताची वही आली. तिला सगळे 'प्रोसिडिंग' म्हणायचे. त्या कचेरीत माझ्या ओळखीचा तो एकच शब्द होता. बाकी मराठी माझीच असून माझी नव्हती. शाळा इंग्रजी माध्यमाची, तिथे मधल्या सुट्टीत मराठी बोललं तर गळ्यात पाटी अडकवत. घर भातसानगरच्या वसाहतीत, वडील धरणावर नोकरीला. वसाहतीतल्या मुलांशी इंग्रजी बोलता येत नव्हतं आणि शाळेत मराठी. दोन्हीकडे गप्प राहणं जमून गेलं आणि पुढे ती सवयच झाली.

"काय इंग्लिश मिडियम, च्या घेनार का टी?" वरिष्ठ लिपिक रोज विचारायचे. त्यांना सगळे नाना म्हणत. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती आणि कचेरीतला प्रत्येक कागद कुठे आहे हे फक्त त्यांना माहीत होतं. मी हसायचे आणि कप घ्यायचे. उत्तर मला सुचायचं, पण संध्याकाळी एस.टी.त बसल्यावर.

इतिवृत्त कसं लिहायचं हे मला कोणी शिकवलं नाही. नानांनी जुन्या पाच-सहा वह्या काढून दिल्या आणि म्हणाले, "यातलं बघून लिही. नवीन काय डोकं चालवू नको." मी त्या वह्या घरी नेऊन वाचल्या. 'सबब', 'उपरोक्त', 'सर्वानुमते ठरले', 'अवलोकनार्थ ठेवण्यात आले'. अर्थ संदर्भावरून लावायचे. नवीन शब्द जमला की मला आनंद व्हायचा, आणि तो सांगायला कोणी नसायचं.

सभा दुपारी बाराची असली तरी एकला सुरू व्हायची. शाळेच्या गळक्या छताला पत्रे, दवाखान्याच्या विहिरीला पंप, अमुक शिक्षकाला तमुक शाळेवर पाठवणं, जुन्या जीपचं काय करायचं. जीपचा विषय मी होते तोवर दर महिन्याला आला आणि दर महिन्याला पुढच्या सभेवर ढकलला गेला. भांडणं फारशी होत नसत. खरं काय ते आधी सभापतींच्या दालनात ठरायचं आणि सभेत त्याला फक्त तोंड दाखवायला आणायचे.

माझं छोटं टेबल दाराजवळ होतं. त्याच्या बाजूला एक खुर्ची असे आणि त्या खुर्चीवर एक सदस्या येऊन बसायच्या. महिलांच्या राखीव जागेवरून निवडून आलेल्या, धसईच्या पलीकडच्या एका पाड्यातल्या. चाळिशीच्या असाव्यात. सगळे त्यांना ताई म्हणत. दुसऱ्या एका सदस्येच्या वतीने त्यांचे यजमानच यायचे, मोठ्या टेबलाशी बसायचे आणि मोठ्याने बोलायचे. ताई स्वतः यायच्या, पण टेबलाशी बसायच्या नाहीत.

"तिथं बसलं का बोलायला लागतं," त्या मला एकदा म्हणाल्या. "हितं बरं. तू पन बोलत नाय, मी पन नाय."

आमची ओळख ती तेवढीच. त्या पिशवीतून कधी काकडी काढून द्यायच्या, कधी भाजलेल्या शेंगा. माझ्या अक्षराकडे बघत बसायच्या. "मुंग्या चालल्यात जनू," म्हणायच्या. महिन्यातून एक दुपार माझ्या शेजारी कोणी तरी बसलेलं असे. मी त्या दुपारची वाट बघायचे, हे त्यांना कधी कळू दिलं नाही.

त्या वर्षी उन्हाळा लागायच्या सुमाराला ताईंनी पहिल्यांदा अर्ज आणला. त्यांच्या पाड्याला आणि शाळेला मध्ये ओढा होता. दर साली गावकरी त्यावर दोन ओंडके टाकून साकव करायचे, आणि पावसात तो वाहून जायचा. मग पुढचे तीन-चार महिने पाड्यातली पोरं घरी. ताईंना पक्का साकव हवा होता, सिमेंटचा. अर्ज ऐनवेळच्या विषयांत आला. ऐनवेळचे विषय येईपर्यंत खालून जेवणाचा वास यायला लागलेला असे.

ताई खुर्चीतूनच म्हणाल्या, "आमच्या पाड्याला साकव पायजे." बस, एवढंच.

सभापतींनी अर्ज वरखाली बघितला. माणूस चांगला होता, घाईत होता. "बरोबर आहे ताईंचं. पोरांचा प्रश्न आहे. घ्या हो हे, दप्तरी घ्या." सगळ्यांनी माना हलवल्या आणि खुर्च्या सरकल्या.

दप्तरी घ्या. मला जुन्या वह्यांतलं वाक्य आठवलं. कितीदा तरी वाचलेलं, भारदस्त. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'सदर अर्ज दफ्तरी दाखल करण्यात यावा असे सर्वानुमते ठरले.' मला वाटलं, दफ्तरात दाखल होणं म्हणजे नोंद होणं, मान्य होणं. शाळेत नाव दाखल होतं तसं. वाक्य लिहून झाल्यावर मी ते परत एकदा वाचलं, इतकं ते मला आवडलं होतं.

पुढच्या सभेच्या आदल्या दिवशी नाना जिल्हा परिषदेला पाठवायच्या कामांची यादी करत बसले होते. पंचायत समितीने शिफारस केलेली कामं, सगळी त्या यादीतून ठाण्याला जायची. मी कार्बन लावून देत होते. यादी संपली तरी साकव आला नाही.

"नाना, तो साकव राहिला."

"कुठला?"

मी वही उघडून दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, वाचलं आणि आधी हसले. मग हसायचे थांबले.

"हे कोणी लिहायला सांगितलं तुला?"

"सभापती म्हणाले ना, दप्तरी घ्या."

"ते बोलायचं बोलतात गो. दफ्तरी दाखल म्हणजे काय ते माहितीय का? म्हणजे कागद बांधून कपाटात. विषय संपला. पुढे काही करायचं नाही, त्याला दफ्तरी दाखल म्हणतात."

मी म्हणाले, खोडून दुरुस्त करते.

"सही झालीय सभापतींची. आता उद्या कायम होईल, परवा यादी ठाण्याला जाईल. पुढच्या वर्षी परत अर्ज करतील, त्यात काय."

"पण पाऊस तर यंदाच येईल."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. इतकं लांब वाक्य मी त्यांच्याशी बोलले नव्हते. "कायम व्हायच्या आधी एखाद्या सदस्याने उभं राहून दुरुस्ती सुचवली तर होते. सदस्याने. मी नाही, तू तर नाहीच." मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि चूक कोणाची ते वर निघेल. तुझी ऑर्डर पुढच्या महिन्यात संपते, ते लक्षात ठेव."

दुसऱ्या दिवशी ताई आल्या, खुर्चीत बसल्या, पिशवी पायाशी ठेवली. मी रात्रभर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही धड बाहेर आलं नाही.

"ताई, माझ्याकडून चूक झाली. तुमचा साकव मी चुकीचा लिहिला."

"म्हंजी?"

"म्हणजे कपाटात गेला. मंजुरीला जाणार नाही."

मी घाईघाईने सांगितलं की अजून दुरुस्त होतं, फक्त त्यांनी एक नंबरच्या विषयाला उभं राहायचं आणि म्हणायचं.

"मी नाय बोलत तिथं, तुला म्हाईत हाय. तू बोल."

"मला बोलायची परवानगी नाही. आणि मला बोलताही येत नाही."

"मला तरी कुटं येतंय," त्या म्हणाल्या आणि समोर बघत बसल्या. रागावल्या होत्या की घाबरल्या होत्या, मला कळलं नाही. त्या दिवशी पिशवीतून काही निघालं नाही.

सभापती आले. "एक नंबर?"

"कायम, काय..."

"वाचा," ताई म्हणाल्या.

सदस्येच्या वतीने येणारे ते यजमान मागे वळून हसले. "ताई, वाचायचं काय त्यात? जेवन थंड होईल."

"कागदावर काय लिवलंय? वाचून कायम, आसंच ना? मंग वाचा. ही बाय वाचंल."

सभापतींनी खांदे उडवले. "वाचा म्हणतात तर वाचा."

मी उभी राहिले. वही हातात जड लागत होती. मागच्या सभेचे अकरा विषय मी एकेक करून वाचले, पत्रे, पंप, बदल्या, जीप. माझा आवाज मला शाळेत प्रार्थना म्हणताना यायचा तसा येत होता, बारीक आणि पाठ केलेला. जोडाक्षरांवर अडखळले तेव्हा कोणी तरी खोकलं. शेवटी ऐनवेळच्या विषयापाशी आले. वाटलं, इथे पान उलटावं. ताई बघत होत्या. मी वाचलं, "सदर अर्ज दफ्तरी दाखल करण्यात यावा असे सर्वानुमते ठरले."

ताई उभ्या राहिल्या. पदर सावरला. "आमी साकव मागितला तो वढ्यावर. दप्तरात बांधून त्याच्यावरनं कोन जानार, उंदीर?"

हशा पिकला. यजमान सगळ्यात मोठ्याने हसले. सभापतींनाही हसू आवरलं नाही, मग त्यांनी विचारलं, "मी तर घ्या म्हणालो होतो. हे कोणी लिहिलं?"

नाना समोरच्या कागदांत बघू लागले.

"मी," मी म्हणाले.

त्या सभागृहात, वाचन सोडून, मी उच्चारलेला तो एकच शब्द. सभापतींनी माझ्याकडे पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच, आणि नानांना म्हणाले, "दुरुस्तीसह कायम. शिफारस लिहा. यादीत घाला."

नानांनी शब्द सांगितले, मी ओळ खोडून वर नवीन लिहिली आणि समासात सही केली. संध्याकाळी वही कपाटात ठेवताना ते म्हणाले, "वाचलंस म्हणून वाचलीस." माझी ऑर्डर त्यांनीच पुढच्या अकरा महिन्यांसाठी गटविकास अधिकारी साहेबांच्या सहीला ठेवली.

मला वाटलं होतं, आता ताई आणि मी जरा जास्त बोलू. पण त्याच दिवशी जेवायला उठताना सभापती म्हणाले होते, "ताई, तिथं दारात काय बसता, या इकडं टेबलाला." पुढच्या महिन्यात ताई टेबलाशी बसल्या. त्या बोलूही लागल्या. आधी पाड्यापुरतं, मग दवाखान्याच्या पंपावर, मग जीपवरसुद्धा. "इका नायतर कोंबड्या ठेवा तिच्यात," असं त्यांनी सांगितलं. लोक त्यांचं बोलणं ऐकायला थांबायचे. मला आनंद होत होता, तो खोटा नव्हता. माझ्या बाजूच्या खुर्चीवर नानांनी फायली ठेवायला सुरुवात केली. कुणी तरी बसलं तर पटकन उचलता याव्यात, म्हणून मी त्या कडेला रचायचे. कोणी बसलं नाही.

पावसाळा त्या वर्षी ओंडक्यांवरच गेला. दिवाळीनंतर ठाण्याहून पत्र आलं. टपाल मीच फोडायचे. साकवाला मंजुरी होती. मी पत्रावर आवक क्रमांक टाकला. सभेच्या दिवशी ताई यायच्या आधी जिन्यात उभं राहून सांगायचं, असं मी ठरवलं. 'ताई, झालं तुमचं काम,' एवढंच वाक्य. ते मी आठवडाभर जपून ठेवलं.

ताई जिना चढून आल्या त्या दोन सदस्यांशी बोलतच. मी पुढे झाले. "ताई, ठाण्याचं पत्र..."

"हां गो, म्हाईत हाय. सभापतींनी मागच्याच आठवड्यात निरोप धाडला," त्या हसून म्हणाल्या. खरोखर प्रेमाने हसल्या. मग थांबल्या. "कठड्याचं काय हाय त्यात? वाच बघू."

मी हातातलं पत्र वाचलं. लांबी होती, रुंदी होती. कठड्याचा उल्लेख नव्हता.

"बिनकठड्याचा? बारकी पोरं हायेत ती." त्यांनी आत येऊन माझ्या टेबलावरचा कोरा कागद पुढे ओढला. "लिव. मी सांगते तसं लिव, तुझं ते पुस्तकातलं नको."

त्या उभ्याने सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. साकवाला दोन्ही अंगाला कठडा पायजे. मी 'पायजे' असंच लिहिलं. त्यांनी कागद घेतला, ओळीखाली बोट सरकवत सगळा वाचला, खाली सही केली आणि टेबलाकडे गेल्या. तिथे त्यांच्यासाठी कोणी तरी खुर्ची ओढून ठेवली होती.