टोपणातलं कुंकू

मैत्रिणींनो, दसऱ्यापासून आमचा छोटा ट्रॅक्टर मी चालवताना अधूनमधून बंद पडतोय. आज हरभरा पेरताना पुन्हा तेच.

"बाईच्या हाती काहून दिला?" दीर सगळ्यांसमोर बोलले. दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजाही त्यांनी मला करू दिली नव्हती.

नवऱ्याने फिल्टर बदलला, पाइपातली हवा काढली. फरक नाही. मी टाकीचं टोपण उघडलं तर सूं करून हवा आत ओढली गेली. टोपणाचं हवेचं भोक दिरांनी फासलेल्या कुंकवानं बुजलं होतं, म्हणून डिझेल खाली उतरेना! बांगडीतल्या पिनेनं कोरलं, ट्रॅक्टर चालू.

आता दीर पारावर सांगून राहिलेत, "म्या नारळ फोडला, तवा चालू झाला."

ते कुंकू अजून माझ्या नखात आहे. सांगा, कोणाच्या कपाळाला लावू?