एका ताटातले दोन फादर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच फिदीफिदी केलेलं मला खपत नाही. मी सांगणार आहे ती माझीच फजिती, आणि तीही घरातल्या घरातली नाही. तीस विद्वान माणसांसमोर, हातात झारा घेऊन केलेली!

आधी मी कोण ते ऐका. मी शोभा. शाळा चौथीपर्यंत. माहेर अमळनेरकडचं, लग्न झाल्यापासून सुरतेत डिंडोलीला. आमचे हे जवळच्या सचिन गावी कापडाच्या कारखान्यात जातात आणि मी घरून डबे देते. दोन गोष्टींत माझा हात कोणी धरत नाही. एक म्हणजे वांग्याचं भरीत. हिरवी वांगी गावाकडून येतात, ती मी कपाशीच्या काड्यांवर भाजते, गॅसला हातसुद्धा लावत नाही. आणि दुसरी गोष्ट म्हणजे भांडण मिटवणं.

खोटं वाटतं? आमच्या सोसायटीत कोणालाही विचारा. शेजारच्या दोघा भावांचा अबोला होता, एका भिंतीला दोन चुली, तोंड बघत नव्हते. मी दोघांना माझ्या घरी बोलावलं, एक ताट वाढलं आणि दाराला आतून कडी लावली. आमच्याकडे तीच रीत. भांडण मिटवायचं तर दोघांनी एका ताटात जेवायचं. एका ताटात हात घातल्यावर माणूस किती वेळ फुगून बसेल? आज ते दोघं एका मोटारसायकलवर कामाला जातात.

तर असा माझा दरारा.

आता गोष्ट सुरू. आमच्या भागात एक ख्रिस्ती केंद्र आहे. तिथल्या प्रमुख सिस्टर अगाथा, माणूस म्हणून सोनं. लहानसहान कार्यक्रमाचा स्वयंपाक मलाच सांगतात. एक दिवस मला म्हणाल्या, "शोभाबेन, आपल्याकडे मोठे मोठे धर्मपंडित येणार. तीन दिवस. बधाचं जमण तमारे करवानुं."

म्हणजे सगळ्यांचं जेवण माझ्याकडे. मी विचारलं, पंडित म्हणजे पूजा सांगणारे? तर म्हणाल्या, नाही, हे देवाचा अभ्यास करणारे. आमच्यात देवाला नवस बोलतात, देवावर रुसतात, पण देवाचा अभ्यास करून परीक्षा देतात हे मला नवीनच होतं.

सिस्टरांचा जीव मात्र टांगणीला. हे पंडित दरवर्षी कुठेतरी जमतात, पण नेहमी पुण्याला, गोव्याला नाहीतर बंगळुरूला. सुरतेला कोणी यायला तयार नाही. तिथे काय, कापड आणि ती घारीची मिठाई, असं म्हणायचे म्हणे. सिस्टरांनी भांडून भांडून पहिल्यांदा त्यांना इथे आणलं होतं. यंदा काही बिनसलं तर पुन्हा सुरतेचं नाव कोणी काढणार नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी म्हटलं, सिस्टर, सुरतचं जमण आणि काशीचं मरण, असं गुजराती माणूस उगाच म्हणतो का? सुरतेचं नाव माझ्या झाऱ्यावर सोडा.

झालं. पंडित आले. फादर, सिस्टरा, दोन-चार साधे कपडेवाले बाप्ये-बायाही. मला वाटलं होतं, मोठी गंभीर माणसं असतील. अहो, कसली गंभीर? चहाच्या वेळी त्यांच्या बातम्या ऐकाव्यात! कोणाचं पुस्तक आलं, कोणाची बदली कुठल्या चर्चला झाली, कोणाला रोमहून बोलावणं आलं, कोणाचा गुडघा बदलला. आमचा पाण्याचा नळच म्हणा, फक्त हंडे नव्हते.

त्यातले दोघं माझ्या डोळ्यांत भरले. एक फादर लोपीस, वसईचे, उंच, काटकुळे, माझ्याशी मराठीत बोलायचे. दुसरे फादर मॅथ्यू, मूळ केरळचे, पण जन्म गेला गुजरातेत, गुजराती यांच्या कारखान्यातल्या शेठपेक्षा चांगली. अंगानं भरलेले, तिखटाचे शौकीन. पहिल्या दिवशी दोघं शेजारी शेजारी बसले, एकमेकांच्या ताटातली मिरची उचलत होते. पोरपणापासूनचे दोस्त, असं सिस्टरांनीच मला सांगितलं. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन हॉलच्या दाराशी गेले तर आत हा गदारोळ! फादर लोपीस उभे राहून कागद वाचत होते. वाचून झालं आणि फादर मॅथ्यू उठले. सगळं इंग्रजीत, मला अक्षर कळलं नाही. पण भांडण कळायला इंग्रजी कशाला लागते? मॅथ्यूंनी त्या कागदावर बोट आपटलं. लोपीस लालबुंद. मॅथ्यूंनी टेबलावर हात मारला. लोपीसनी दोन्ही हात वर केले. आणि बाकीचे विद्वान? कोणी मध्ये पडेल तर शपथ! मान हलवत, लिहून घेत बसले होते. डिंडोलीत निदान मोबाईलवर शूटिंग करणाऱ्याला कोणीतरी दटावतं.

मी चहाचा ट्रे तसाच परत आणला.

संध्याकाळी तर कहर झाला. जेवायला सगळे आले, पण कोणी एक शब्द बोलेना. चमच्याचा आवाज तेवढा. एक जण कोपऱ्यात उभा राहून पुस्तकातून काहीतरी वाचत होता. आणि आपले ते दोघं? एक या टोकाला, एक त्या टोकाला. जेवण झालं तर लोपीस अंगणात माळ ओढत खाली मान घालून फिरताहेत, मॅथ्यू पलीकडच्या झाडाखाली तसेच. समोरासमोर आले, एकमेकांकडे बघितलंही नाही, निघून गेले.

मी सिस्टरांना गाठलं आणि हळूच विचारलं, "सिस्टर, त्या दोघांचं फाटलं का?"

सिस्टरांनी डोळे मिटले आणि ओठांवर बोट ठेवलं.

बास! याचा अर्थ दुसरा काय होणार, तुम्हीच सांगा. भानगड इतकी मोठी की नाव काढायचं नाही. गेली सुरतेची इज्जत!

घरी येऊन यांना सांगितलं. हे भाकरी मोडत म्हणाले, "तुले काय करनं शे? तू सयपाक कर."

मी म्हटलं, सयपाकच करणार आहे, पण एका ताटाचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती. सगळे येऊन बसले, अजून तेच सुतक. मी मोठी परात घेतली. तिच्यात भरपूर भरीत, वर तेलाची धार, कांद्याची पात, बाजूला भाकऱ्यांची चवड. परात मधल्या टेबलावर ठेवली. मग गेले आणि फादर लोपीसना हाताला धरून उठवलं, आणून बसवलं. मग फादर मॅथ्यूंना. त्यांनी तोंड उघडायला सुरुवात केली आणि पुन्हा मिटलं. लोपीसनी सिस्टरांकडे बघितलं. सिस्टर पांढऱ्याफटक.

मी दारात उभी राहिले, हातात झारा. आणि सुटले.

"अहो, तुम्ही देवाचा अभ्यास केलेली माणसं ना? आमच्या सोसायटीतली अडाणी माणसंसुद्धा दुसऱ्या दिवशी बोलायला लागतात. काल एवढे तावातावानं भांडलात, आणि हे बाकीचे लिहून घेत बसले, लाज नाही वाटत? त्या सिस्टरनं किती आशेनं तुम्हाला इथे बोलावलं. आता एका ताटात जेवायचं. परात रिकामी झाल्याशिवाय या दारातून कोणी बाहेर जाणार नाही!"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग झाऱ्याकडे बघितलं. आणि मुकाट्यानं भाकरी मोडली.

सांगते तुम्हाला, काय जेवले! सुरुवातीला दोन दोन बोटांनी, मग चारी बोटांनी. मॅथ्यू एका बाजूनं कोरत आले, लोपीस दुसऱ्या बाजूनं. बाकीचे सगळे रुमाल तोंडाला लावून बसलेले, खांदे गदागदा हलताहेत, डोळ्यांतून पाणी. मला वाटलं, रडताहेत. मलाही भरून आलं. मी पदरानं डोळे पुसले. मनात म्हटलं, शोभा, आज तू पंडितांना रडवलंस.

तेवढ्यात घंटा झाली. आणि सगळा हॉल असा हसायला लागला, असा हसायला लागला की एक म्हातारे फादर खुर्चीवरून घसरले!

सिस्टरांना बोलता येईना, हसण्यानं. शेवटी फादर लोपीसच बोलले. "ताई, आमचं मौन होतं. काल संध्याकाळपासून या घंटेपर्यंत. प्रार्थनेसाठी बोलायचं नसतं, म्हणून तर तुम्हाला काही सांगता येईना."

"आणि कालचं भांडण?"

"ते भांडण नव्हतं, ते काम. आमच्यात रीतच आहे. एकानं आपलं म्हणणं मांडायचं आणि दुसऱ्याला नेमून दिलेलं असतं, त्यानं ते खोडायचं. मीच मागून घेतलं होतं मॅथ्यूला. दोस्ताइतकं चांगलं कोण खोडणार?"

मला जमीन फाटली तर बरं असं झालं. तरी जीभ गप्प बसेना. विचारलं, एवढं टेबल आपटण्यासारखा विषय तरी कोणता होता?

फादर मॅथ्यू बोटं चाटत म्हणाले, "क्षमा."

लोपीसांचं म्हणणं, समोरच्यानं मागायच्या आधीच माफ करावं. मॅथ्यूंचं म्हणणं, त्यानं मागितलीच नाही तर माफी द्यायची कोणाला, भिंतीला? यावर टेबल आपटलं होतं. माफीवर!

माझी भांडी घासून होईपर्यंत ही बातमी फोनवरून गोव्याला पोचली होती. पण एक सांगते, खाली मान घालून मी फार वेळ राहिले नाही. परात चाटूनपुसून स्वच्छ होती. विद्वानांनी माझं ऐकलं होतं, मौनात का होईना. संध्याकाळी निघायची वेळ झाली तेव्हा मी मुद्दाम पातेल्यात उरलेलं भरीत एका डब्यात भरलं आणि त्या दोघांच्या हातात दिलं. दोघांत एक डबा. म्हटलं, एका ताटाचे सोबती, एक डबा पुरे.

आणि स्वयंपाकघरात येऊन हात धुतले.

थोड्या वेळानं वॉचमन धावत आला. "बेन, गेट पर झगडो थयो! बे फादर!"

मी बाहेर डोकावले. फाटकात लोपीस आणि मॅथ्यू, हातवारे, लाल चेहरे, आवाज चढलेला. वॉचमन बिचारा घाबरलेला. मी मात्र आता जाणती. म्हटलं, "अरे बस, तुला नाही कळायचं. ते त्यांचं काम आहे. एक मांडतो, दुसरा खोडतो. जितका आवाज मोठा तितकी दोस्ती पक्की." आणि खुर्ची ओढून दारात बसले, बघत. वॉचमनलाही स्टूल दिलं.

बघता बघता फादर मॅथ्यू रिक्षात बसले आणि निघून गेले. मागे वळून बघितलं नाही. लोपीस रिकाम्या हातांनी तसेच उभे. मग हळूहळू माझ्याकडे चालत आले. असा चेहरा मी त्यांचा तीन दिवसांत बघितला नव्हता.

"ताई, दुपारी नको होतं तेव्हा झारा घेऊन आलात. आता हवं होतं, तर खुर्ची टाकून बसलात?"

अहो, ते खरं भांडण होतं! डब्यावरून! एकाची गाडी वसईची, दुसऱ्याची अहमदाबादची, आणि डबा एक. मॅथ्यू म्हणत होते, परातीतलं जास्त तूच खाल्लंस. लोपीस म्हणत होते, तू नुसते देठ ठेवलेस माझ्याकडे. आणि शेवटी मॅथ्यू डबा घेऊन पळाले. जे भांडण नव्हतं ते मी मिटवलं, आणि जे झालं ते माझ्याच डब्यानं लावलं.

मी म्हटलं, "फादर, मागायच्या आधीच माफ करायचं म्हणता ना तुम्ही? मग करा की."

ते म्हणाले, "ताई, ते भरताला लागू नाही."

थोड्या वेळानं सिस्टरांचा फोन वाजला. स्टेशनवरून फादर मॅथ्यू. लोपीसना सांगा, माफी मागतो, पण डबा आता परत देता येणार नाही, रिकामा झाला. सिस्टरांनी निरोप सांगितला तसा फादर लोपीसांचा चेहरा उजळला. म्हणाले, "मागितली ना? मग केलं माफ." आणि लगेच कपाळावर हात मारला. "म्हणजे मॅथ्यूचंच बरोबर होतं!"

घ्या. तीस पंडितांच्या सभेत जे ठरलं नाही ते माझ्या वांग्यानं फाटकात ठरवलं. याचा मला गर्व आहे, आणि मी तो लपवत नाही.

पुढच्या वर्षीही सुरतच ठरलं. आपणहून, हट्टानं. सिस्टर आनंदानं रडायच्या बाकी होत्या. पंडितांच्या अटी दोनच: भरीत हवं आणि डबे दोन हवेत. तिसरी अट सिस्टरांनी स्वतःची घातली. कुठेही आवाज चढला तर शोभाबेननं आधी विचारायचं, खरं आहे की कामाचं?

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. माझी चूक ही, की मी घरी येऊन हे सगळं यांना सांगितलं.

परवा कशावरून तरी मी यांच्यावर तोंड सोडलं. चांगलं भांडं आपटून, शेजारी ऐकतील असं. हे ताटावरून मानसुद्धा वर न करता म्हणाले, "शोभे, खरं शे का कामनं?"

डिंडोलीतली सगळी भांडणं मिटवणारी मी. दुसरं ताट घेतलं नाही, त्यांच्याच ताटात जेवायला बसले.