जीभ अडखळते तिथं

डोळे चांगले शाबूत असूनही देऊळगावकर साहेबांना प्रत्येक कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायची खोड होती. बिडकीनजवळच्या आमच्या बँकेत ते मॅनेजर होते आणि मी नवीकोरी अधिकारी. बारीक अक्षरांतला मजकूर माझ्यापुढे सरकवून म्हणायचे, "मोठ्यानं वाचा, ताई. जीभ जिथं अडखळली, मामला तिथंच आहे." मग चहात बुडालेला बिस्किटाचा तुकडा चमच्यानं शोधत बसायचे. तो सापडेपर्यंत मी वाचत राहायचं. मला हे सगळे म्हातारचळ वाटायचे.

दुष्काळ होता. विहिरी आटल्या होत्या, पण कारखान्यांसाठी जमिनी गेल्यामुळे मोबदल्याचे चेक घरोघर आले होते. विमा पॉलिसी विकण्याचं टार्गेट आमच्या मानेवर होतं. आमच्याकडे मुदत ठेवीला सगळे 'पावती' म्हणतात. असाच चेक घेऊन सुमनबाई आल्या आणि म्हणाल्या, "म्याडम, वर्साची पावती करा. पुढल्या साली पोरीला वाळूजला दोन खोल्या घ्यायच्यात." मी पॉलिसीचा फॉर्म पुढे केला. दहा वर्षं दरसाल हप्ता, मधे पैसे काढले तर मोठा तोटा. "हिची पावती मिळंल ना?" त्यांनी विचारलं. "मिळेल की," मी म्हणाले. हप्त्याची पावती मिळतेच. एक अक्षर खोटं नव्हतं, सही त्यांचीच होती.

पॉलिसीचे कागद आले त्या दिवशी मी गुलमंडीतून पेढे आणून वाटले. साहेबांनी पेढा हातात घेतला, कागद पाहिले आणि पेढा टेबलावर ठेवून दिला.

"कायद्यात बसतं, सर."

"बसतं की. घशाखाली उतरत नाय."

कागद हातात पडल्यापासून पंधरा दिवसांत पॉलिसी परत करता येते, हे त्याच बारीक अक्षरांत होतं. साहेब रोज म्हणायचे, "बाईंना सांगून या." मी रोज काहीतरी काम काढायची. चौदाव्या दिवशी त्यांनी मला सरळ स्कूटरवर मागे बसवलं आणि सुमनबाईंच्या दारात नेऊन उभं केलं. टँकरच्या पाण्यावर घर चालवणाऱ्या त्या बाईनं आधी चहा टाकला.

"वाचा, ताई," साहेब म्हणाले. मी वाचू लागले आणि 'दहा वर्षं'वर अडकले.

सुमनबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "म्हंजी, ही पावती नव्हं?"

"नाही," मी म्हणाले, आणि मला रडूच फुटलं. त्यांनी परतीच्या अर्जावर सही केली. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. तर म्हणाल्या, "च्या घ्या, गार व्हायलाय." इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि साहेबांबद्दल इतकी मायाही.

पैसे परत आले, त्यांची खरी पावती झाली. मी तशाच विकलेल्या आणखी चार पॉलिसी आम्ही घरोघर जाऊन परत घेतल्या. शाखेचं टार्गेट साफ कोसळलं.

निवृत्तीला वर्ष उरलेलं असताना साहेबांना कोकणात बदलीची ऑर्डर आली. घरी आजारी बायको होती. ऑर्डर त्यांनी नेहमीसारखी माझ्यापुढे सरकवली. "मोठ्यानं, ताई."

मी वाचत गेले. 'प्रशासकीय सोयीसाठी' या शब्दांवर माझी जीभ अडखळली. पुढचं वाचवेना.

साहेब हसले. "कायद्यात बसतं, ताई," म्हणाले आणि चमच्यानं बिस्किटाचा तुकडा शोधू लागले.